दुकानदाराने ग्रुपवर मत द्यावं का? राजकारण, टेक्नॉलॉजी आणि गेम्स



ग्राहकांचा व्हॉट्सॲप ग्रुप कसा बनवायचा हे आपण मागच्या व्हिडिओत बघितलं. त्यानंतर बॅचमध्ये जो प्रश्न सगळ्यात जास्त आला, तो ऑफर किंवा कॅटलॉगबद्दल नव्हता. प्रश्न असा होता: "सर, ग्रुपवर राजकारण सुरू झालं की आम्ही बोलायचं की गप्प बसायचं?" एकाने त्यातच पुढे जोडलं, "आणि कोणी विचारलं कुठला फोन घेऊ, तर खरं सांगायचं का?"

आपल्याकडे यावर ठरलेलं उत्तर आहे. धंदेवाल्याने तोंड बंद ठेवावं. मला हे उत्तर अर्धंच पटतं. कारण मत दिल्याने गिऱ्हाईक तुटतं तसंच मत दिल्याने गिऱ्हाईक जोडलंही जातं. माझं मोबाईल ॲक्सेसरीज आणि रिपेअरिंगचं दुकान आहे. अर्ध्याहून जास्त लोक वस्तू घ्यायच्या आधी "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारतातच. त्यांना "सगळंच चांगलं आहे" असं सांगणाऱ्या दुकानदाराकडे ते परत कशाला येतील? प्रश्न फक्त एवढाच आहे की कुठल्या विषयावर, कुठल्या नंबरवरून आणि कुठल्या ग्रुपवर बोलायचं.

आधी नंबर बघा

हे बरेच जण विसरतात. तुम्ही व्हॉट्सॲप बिझनेस वापरत असाल तर तुमच्या प्रत्येक मेसेजच्या मागे तुमचं दुकान उभं असतं. समोरच्याने नावावर टॅप केलं की दुकानाचं नाव, पत्ता, वेळ, कॅटलॉग सगळं दिसतं. म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर रात्री साडेअकराला तुम्ही एखाद्या नेत्याबद्दल जे लिहिलं, ते तुमच्या पत्त्यासकट लिहिलं. स्टेटसचंही तेच. ज्यांचा नंबर तुमच्याकडे आणि तुमचा त्यांच्याकडे सेव्ह आहे, त्या सगळ्यांना ते दिसतं. त्यात तुमचा होलसेलर असतो, बँकेतले साहेब असतात, आणि ज्याच्याकडे तीन महिन्यांची उधारी अडकली आहे तो पण असतो.

उधारीवाल्याचं तर विचारूच नका. पैसे न देण्याला त्याला कारण हवंच असतं, ते तुम्ही आयतं हातात देता.

उपाय सोपा आहे. घरचा नंबर वेगळा, धंद्याचा वेगळा. दोन सिम असतील तर आता एकाच ॲन्ड्रॉइड फोनमध्ये दोन्ही खाती चालतात. स्टेटसच्या प्रायव्हसीमध्ये "फक्त यांनाच दाखवा" असा पर्याय आहे, तो वापरा. पाच मिनिटांचं काम आहे, आजच करून टाका.

राजकारण: नुकसान आवाज न करता होतं

बॅचमधल्या एका मुलाचा आरओ सर्व्हिसिंगचा धंदा. निवडणुकीच्या दिवसांत तो एका मोठ्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज वाद घालायचा. कोणी बहिष्कार घातला नाही, कोणी भांडायलाही आलं नाही. फक्त एएमसी रिन्यू करायची वेळ आली तेव्हा दोन बिल्डिंगमधल्या लोकांनी दुसऱ्याला फोन केला. त्याला चार महिने कळलंच नाही की काय झालं. दुकानात भांडण झालं तर निदान मिटवता येतं. इथे मिटवायला समोर कोणी नसतंच.

आणि कधी कधी आवाज होतोही. नोव्हेंबर २०१२ मधलं पालघरचं प्रकरण आठवत असेल. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्या बंदवर एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिलं, तिच्या मैत्रिणीने ते लाईक केलं. दोघींना अटक झाली. आणि पोस्ट लिहिणाऱ्या मुलीच्या काकांचा दवाखाना जमावाने फोडला. पुन्हा वाचा, दवाखाना काकांचा! त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. पुढे देशभर टीका झाली, खटला बंद झाला, आणि ज्या कलमावरून एवढं रान उठलं ते आयटी कायद्याचं ६६ अ कलम सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. न्याय मिळाला, पण सव्वादोन वर्षांनी. दवाखान्याची काच फुटायला काही मिनिटं लागली.

६६ अ गेलं म्हणजे काहीही लिहिता येतं असं समजू नका. धर्म, जात, भाषा यांवरून गटागटांत तेढ वाढवणारा मजकूर टाकला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमांचा स्पष्ट उल्लेख आहे. "मी फक्त फॉरवर्ड केलं" हा बचाव पोलीस स्टेशनात किती चालतो ते एखाद्या वकिलाला विचारून बघा.

मोठ्या कंपन्याही यातून सुटत नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये ह्युंदाईच्या पाकिस्तानातल्या वितरकाच्या सोशल मीडिया खात्यावरून काश्मीरबद्दल पोस्ट पडली. आपल्याकडे बहिष्काराची हाक उठली आणि भारतातल्या कंपनीला खुलासा करावा लागला. पोस्ट एका देशातल्या डीलरची, उत्तर दिलं दुसऱ्या देशातल्या कंपनीने. तुमच्या दुकानात काम करणारा पोरगा दुकानाचा टी-शर्ट घालून रील टाकतो तेव्हा हीच साखळी छोट्या आकारात चालू असते. त्याचं मत त्याचंच आहे, त्यावर तुमचा हक्क नाही. पण टी-शर्ट आणि दुकानाची पाटी त्यात नको, हे कामावर घेतानाच सांगा.

मग नागरिक म्हणून बोलायचंच नाही का? बोलायचं की. रस्ता खोदून ठेवलाय, दुकानासमोर गटार तुंबलंय, लाईट दिवसातून तीनदा जाते, यावर दुकानदाराने बोललंच पाहिजे. तारीख लिहा, फोटो टाका, वॉर्ड ऑफिसला दिलेल्या अर्जाची पोच टाका. यात सगळ्या पक्षांची गिऱ्हाइकं तुमच्या बाजूने असतात, कारण चिखल सगळ्यांच्याच पायाला लागतो. पक्ष आणि नेता यावरची मतं मात्र मित्रांत, कट्ट्यावर, घरच्या नंबरवर. हे भित्रेपण आहे असं मला वाटत नाही. ग्राहक ग्रुपमध्ये आला तो ऑफर बघायला, तुमचं भाषण ऐकायला तो आलेला नाही.

एक गोष्ट ॲडमिन मंडळींसाठी. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी दोषी ठरत नाही, त्यात त्याचा सामाईक हेतू दिसायला हवा. दिलासा आहे, पण त्या भरवशावर ग्रुप मोकाट सोडू नका. ॲडमिनला आता इतरांचे मेसेज डिलीट करता येतात. ग्राहकांच्या ग्रुपवर "फक्त ॲडमिन मेसेज पाठवतील" हे सेटिंग लावून टाका. विचारपूस पर्सनल मेसेजवर येऊ दे.

टेक्नॉलॉजी: इथे मात्र तोंड उघडा

हा तुमचा खरा प्रांत. गावातल्या एखाद्या ग्रुपवर कोणी विचारलं, "पंधरा हजारांत कुठला फोन घेऊ?" की पन्नास जण उत्तर देतात आणि त्यातल्या पंचेचाळीस जणांनी यूट्यूबवर बघितलेलं असतं. तुम्ही रोज तेच फोन उघडता. कुठल्या मॉडेलचा चार्जिंग पोर्ट वर्षभरात ढिला होतो, कुठल्याची स्क्रीन मिळायला महिना लागतो, कुठल्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर जिल्ह्यात आहे, ही माहिती फुकट देऊन टाका. असं एक उत्तर दहा पॅम्प्लेटचं काम करतं.

फक्त दोन पथ्यं. पहिलं, तुम्ही ती वस्तू विकता हे तिथेच सांगा. "माझ्याकडे या कंपनीचा माल आहे, तरी सांगतो" एवढं वाक्य पुरतं. जून २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत हे तत्त्व आलेलंच आहे: शिफारस करणारा आणि विकणारा यांचा संबंध शिफारशीच्या विश्वासार्हतेवर परिणाम करणारा असेल, तर तो उघड करायचा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड आहे. तुमच्या ग्रुपवरच्या एका मेसेजसाठी कोणी दिल्लीहून येणार नाही, खरं आहे. पण "हा तर त्याच कंपनीचा डीलर निघाला" हे गावात पसरायला दिल्लीची गरज लागत नाही.

दुसरं, स्वतःच्या पाहण्यातलं आणि ऐकीव यात फरक करा. "हा फोन भंगार आहे" असं लिहू नका. "माझ्याकडे या मॉडेलचे सहा फोन बॅटरी फुगून आले" असं लिहा, आणि तेही खरोखर आले असतील तरच. पहिल्या वाक्यावर भांडण होतं, दुसऱ्यावर लोक दुकानाचा पत्ता विचारतात. शेजारच्या दुकानदाराच्या मालाबद्दल मात्र एक अक्षर नको.

गेम्स: पोरांचा विषय म्हणून सोडू नका

सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय नावाने गेम परत आला, जुलै २०२२ मध्ये प्ले स्टोअरवरून पुन्हा गायब, मे २०२३ मध्ये पुन्हा हजर. ट्रिगर, बोटांचे स्लीव्ह, कूलिंग फॅन असा माल ठेवणाऱ्यांना या तारखा पाठ आहेत, कारण प्रत्येक तारखेला कोणाचा तरी माल अडकला. गेम खेळणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर नुसतं बसून ऐकलं तरी काय मागवायचं आणि काय थांबवायचं याचा अंदाज येतो. बोलायचं असेल तर फोन गरम का होतो, नव्वद हर्ट्‌झ डिस्प्लेने काय फरक पडतो, यावर बोला. पोरं ऐकतात, आणि पुढच्या वेळी बापाला घेऊन दुकानात येतात.

धोका वेगळाच आहे. "या लिंकवरून जॉईन करा, मला आणि तुला दोघांना पैसे" असे पैशांच्या गेमचे रेफरल कोड अनेक दुकानदारांनी ग्रुपवर टाकले. ते बंद करा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची मंजुरीही मिळाली. त्यात ई-स्पोर्ट्सला मान्यता आहे, पण पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आहे, आणि अशा गेमची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जुन्या पोस्ट आणि स्टेटस हायलाइट्समध्ये तसल्या लिंक राहिल्या असतील तर शोधून काढून टाका. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या पोराचे पैसे त्यात गेले त्याचा बाप तुमच्याच दुकानात येणार आहे, नाही का?

वाद पेटलाच तर

व्हॉट्सॲपवर "सगळ्यांसाठी डिलीट" करायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो, पण स्क्रीनशॉटला दोन सेकंद पुरतात. म्हणून डिलीट करायचंच असेल तर लगेच, आणि "हा मेसेज या ग्रुपसाठी नव्हता" अशी एक ओळ टाकून. लांबलचक खुलासे देत बसू नका.

चिडलेले लोक कधी गूगलवर जाऊन दुकानाला एक स्टार देतात. तिथे भांडू नका. खरेदीच्या अनुभवाशी संबंध नसलेलं राजकीय भाष्य गूगलच्या नियमांत बसत नाही. रिव्ह्यूच्या बाजूच्या तीन टिंबांवर जाऊन "विषयाला सोडून" म्हणून रिपोर्ट करा. लगेच जाईलच असं नाही, म्हणून त्याखाली शांतपणे लिहा: "आपण आमच्याकडून काही घेतल्याची नोंद सापडली नाही. बिल नंबर दिलात तर मदत करतो." पुढचा ग्राहक ते वाचतो.

पुढच्या भागात गूगलच्या प्रोफाइलवर दुकानाचे फोटो कसे लावायचे ते बघू. फोटो सकाळी, शटर उघडल्या उघडल्या काढून ठेवा. दुपारी समोर गाड्या लागतात आणि पाटी दिसत नाही.