विमान रद्द झाले, तरी हक्क उरतो

ओझर विमानतळावर हवाई सेवा सुरू होणे आणि बंद पडणे नाशिककरांना नवे नाही. ‘उडान’ योजनेतून जून 2018 मध्ये सुरू झालेली जेट एअरवेजची दिल्ली सेवा, एप्रिल 2019 मध्ये कंपनीचीच उड्डाणे थांबल्याने खंडित झाली. मोजकी उड्डाणे असलेल्या शहरात एक विमान रद्द झाले, तरी प्रवाशाची मोठी कोंडी होते. अशा वेळी काउंटरवर हुज्जत घालण्यापेक्षा नियमांची माहिती अधिक उपयोगी पडते.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या 2010 च्या नियमांनुसार, उड्डाण रद्द झाल्यास पर्यायी विमान किंवा तिकिटाचे पैसे परत मिळतात. किमान 24 तास आधी सूचना दिली नसल्यास भरपाईही देय ठरते. तासाभरापर्यंतच्या उड्डाणासाठी 5,000 रुपये, अथवा एकेरी मूळ भाडे व इंधन आकार, यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळते. धुके, वादळ यांसारख्या कंपनीच्या हाताबाहेरील कारणांना मात्र ही भरपाई लागू नाही. तिकीट काढताना संपर्क क्रमांक दिला नसेल, तरीही ती नाकारली जाते. त्यामुळे एजंटाकडून तिकीट घेताना त्यावर स्वतःचाच क्रमांक नोंदवावा.

कंपनीने दाद दिली नाही, तर तिचे कार्यालय असलेल्या शहरी खेटे घालण्याचे कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे नाशिकमध्येच, दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. तोवर तिकीट, बोर्डिंग पास, कंपनीचे संदेश आणि खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.