उन्हाळी परदेश सफर : आधी खातेवही, मग डोंगर-धबधबे

मे महिन्यात भाईंदर पूर्वेच्या स्टील भांड्यांच्या गाळ्यात दुपारी पंख्याखाली उभे राहणेही नकोसे होते. पॉलिशच्या चाकावर बसणारा कारागीर असो किंवा मीरा रोडला इमिटेशन ज्वेलरीचे मोती ओवणारे कुटुंब, संध्याकाळी जेसल पार्कच्या खाडीकाठी जरा वारा मिळाला की बरे वाटते. अशाच गप्पांत कोणीतरी म्हणते, "एकदा तरी बर्फाचे डोंगर बघायला परदेशी जायचे." बहुतेक ठिकाणी ही गोष्ट बोलण्यावरच थांबते. काही जण मात्र जाहिरात पाहून घाईने पैसे भरतात आणि परत आल्यावर वर्षभर हप्ते फेडत बसतात.

या दोन्हींच्या मधला एक मार्ग आहे. परदेश सफर हा एक सौदा समजावा आणि माल घेताना जो हिशोब आपण करतो तोच इथे करावा. कधी जायचे, काय पाहायचे, कागद कोणते लागतील आणि पैसा कुठून आणायचा, या चार प्रश्नांची उत्तरे याच क्रमाने शोधली तर सामान्य कारखानदारालाही ही सफर जमू शकते.

वेळ धंद्याने ठरवावी

एप्रिल-मे हा लग्नसराईचा काळ. भांडी, दागिने, कपडे, बॅगा या सर्वांनाच त्या वेळी मागणी असते. जुलै लागला की गणपती, नवरात्र आणि दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होतात. मुलांच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. म्हणजे आपल्या भागातील बहुतेक धंद्यांना मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा दुसरा आठवडा एवढीच फट सापडते. त्यातही बकरी ईद पाहावी लागते. ती २०२४ मध्ये १७ जूनला आणि २०२५ मध्ये ७ जूनला होती. दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी ती अलीकडे सरकते. तेव्हा तारीख ठरवताना चांद्र कॅलेंडर आणि ऑर्डरबुक शेजारी ठेवावे.

गाळा दहा दिवस बंद राहणार असेल तर कारागिरांची मजुरी आधी चुकती करावी आणि मोठ्या गिऱ्हाइकांना महिनाभर आधी कळवावे. आपली सफर कारागिराच्या चुलीवर पडता कामा नये.

त्या दिवसांत काय पाहावे?

प्रत्येक देखाव्याचाही हंगाम असतो. आपल्याला मिळणाऱ्या मे-जूनच्या दिवसांत पुढील तीन ठिकाणे विचारात घेण्यासारखी आहेत.

पहिले, कझाकस्तानचे अल्माटी. जुलै २०२२ मध्ये कझाकस्तानने भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश जाहीर केला. त्यामुळे ज्यांची आयकराची कागदपत्रे अजून भक्कम नाहीत त्यांनी इथून सुरुवात करावी. मात्र तिकीट काढण्यापूर्वी नियम पुन्हा तपासून घ्यावा. शहराच्या डोक्यावरच बर्फाचे पर्वत आहेत. शिमबुलाकहून पाळण्यात बसून सुमारे ३,२०० मीटर उंचीच्या खिंडीपर्यंत जाता येते. दोनशे किलोमीटरवर चारिन नदीने कोरलेली तांबड्या खडकांची घळ आहे. ती पाहताना कोणीतरी मातीचे किल्ले रांगेने बांधून ठेवले आहेत असे वाटते. त्याहून पुढे कोलसाई आणि काइंदी ही सरोवरे. १९११ च्या भूकंपात दरड कोसळून नदी अडली आणि काइंदी तयार झाले. पाण्यात बुडालेल्या झाडांचे खोड आजही भाल्यासारखे वर उभे आहेत. हलाल जेवणाची इथे फारशी अडचण नाही, परंतु घोड्याचे मांस तिकडे सर्रास खाल्ले जाते. ज्यांना नको असेल त्यांनी आधी विचारून घ्यावे.

दुसरे, स्वित्झर्लंड. हिंदी चित्रपटांमुळे ते आपल्या ओळखीचे झाले. पण बसमधून चार शहरे पळवत नेणाऱ्या सहलीपेक्षा लाउटरब्रुनेन या एकाच खोऱ्यात सहा-सात रात्री काढाव्यात. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि त्यांवरून कोसळणारे धबधबे. त्यातला श्टाउबबाख जवळजवळ ३०० मीटरवरून पडतो. ट्रुमेलबाख हा तर डोंगराच्या पोटात आहे. हिमनद्यांचे वितळलेले पाणी तिथे सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत घुसते आणि डोंगर आतून घुमतो. जूनच्या सुरुवातीला बर्फ वितळत असल्याने हे पाणी जोरात असते. जवळच १९१२ पासून रेल्वे युंगफ्राउयोखच्या ३,४५४ मीटर उंचीवर जाते. तिचे तिकीट महाग आहे आणि वर ढग असतील तर काहीच दिसत नाही. म्हणून तिकीट आधी काढून ठेवू नये. सकाळी हवामान पाहूनच निघावे. स्विस ट्रॅव्हल पास घेतलेल्या आईवडिलांबरोबर १६ वर्षांखालील मुले मोफत फिरू शकतात. कुटुंबवाल्यांसाठी ही मोठी बचत आहे.

तिसरे, नॉर्वे. समुद्राचे पाणी डोंगरांच्या आत खोलवर शिरून झालेल्या अरुंद खाड्यांना तिथे फ्योर्ड म्हणतात. गाइरांगर आणि नेरॉय या दोन फ्योर्डांना युनेस्कोने २००५ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आपली वसईची खाडी पाहिलेल्याने दोन्ही काठांवर हजार मीटरहून उंच डोंगर कल्पावेत. फ्लॉमची रेल्वे सुमारे वीस किलोमीटरमध्ये ८६० मीटरहून अधिक उतरते. आपल्या भोर घाटात ३७ ला १ असा चढ आहे, तिथे १८ ला १ आहे. खर्च मात्र बराच जास्त. शिवाय जूनमध्ये तिकडे रात्र फारच लहान असते आणि उत्तरेच्या ट्रॉम्सोत तर २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही. नमाजच्या वेळा कशा धरायच्या हे निघण्यापूर्वीच आपल्या आलिमांना विचारून लिहून घ्यावे.

ज्यांचा धंदा जुलै-ऑगस्टमध्येच मोकळा असतो त्यांनी ओमानच्या सलालाचा विचार करावा. आपल्याकडे पाऊस आणणारे नैर्ऋत्य वारेच तिथल्या डोंगरांना धुके आणि रिमझिम देतात. साधारण २१ जून ते २१ सप्टेंबर या ‘खरीफ’च्या दिवसांत वाळवंटाशेजारचा मुलूख कोकणासारखा हिरवा होतो.

कागद : रोकडीच्या धंद्याची खरी परीक्षा

स्वित्झर्लंड आणि नॉर्वे या दोन्ही देशांना शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. एप्रिल-मेमध्ये मुलाखतीची तारीख मिळणे अवघड जाते, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच अर्ज करावा. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो झाले. अर्ज फेटाळला तर ते परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो.

आपल्या लोकांची खरी अडचण पुढे आहे. समजा, एखाद्या कारागिराची महिन्याची कमाई चांगली आहे, पण सगळा व्यवहार रोखीत. विवरणपत्र भरलेले नाही, चालू खाते नाही, उद्यम नोंदणी नाही. व्हिसा अधिकाऱ्यासमोर असा माणूस बेकार ठरतो. मग घाईघाईने नातेवाइकांकडून दोन-तीन लाख आणून खात्यात भरले जातात. नेमकी हीच नोंद संशय वाढवते. म्हणून सफरीची तयारी दोन-तीन वर्षे आधी, विवरणपत्र भरण्यापासून सुरू होते. गुमास्ता परवाना, उद्यम किंवा जीएसटी नोंदणी, तीन वर्षांची विवरणपत्रे आणि सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट तयार ठेवावे. उद्या सफर रद्द झाली तरी हेच कागद बँकेकडे भांडवल मागताना उपयोगी पडतात.

नावांकडेही लक्ष द्यावे. आधारवर ‘मोहम्मद’, पॅनवर ‘मोहद’ आणि पासपोर्टवर तिसरेच स्पेलिंग, असे आपल्याकडे घरोघरी आढळते. काहींच्या पासपोर्टवर आडनावच नसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पर्यटन व्हिसासाठी एकच नाव असलेले पासपोर्ट घेणे बंद केले, तेव्हा अनेकांची तिकिटे अडचणीत आली. सर्व कागदांवर नाव एकसारखे करून घेणे हे पहिले काम. विमानाचे तिकीट पासपोर्टवरील स्पेलिंगप्रमाणेच काढावे.

पैसा : भिशी की हप्ता?

हप्त्यावर सहल देणाऱ्या जाहिराती खूप आहेत. आपल्या बाजारात त्याहून जुना उपाय आहे, तो म्हणजे भिशी. वीस ओळखीच्या माणसांनी दरमहा दहा हजार घातले तर प्रत्येकाच्या नंबराला दोन लाख येतात आणि त्यात व्याज नाही. मात्र पहिल्याच नंबराला पैसे उचलून फिरायला गेलात तर पुढचे एकोणीस महिने ते कर्जच झाले. नंबर शेवटी घ्यावा, म्हणजे ती बचत ठरते. नंबर शेवटी असल्याने जोखीम आपल्याकडे असते, तेव्हा माणसे पारखूनच भिशी धरावी. हजसाठी, मुलीच्या शिक्षणासाठी किंवा कच्च्या मालासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावू नये.

टूर कंपनीला पैसे देताना जीएसटीचे बिल आणि रद्द झाल्यास परताव्याच्या अटी लेखी घ्याव्यात. २०१९ मध्ये कॉक्स अँड किंग्जसारखी जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी १७ एप्रिलला जेट एअरवेज आणि ३ मे २०२३ ला गो फर्स्ट बंद पडली. दोन्ही वेळा ऐन उन्हाळी हंगाम होता. नाव मोठे आहे म्हणून सगळी रक्कम आगाऊ देणे हा व्यापाऱ्याचा धर्म नव्हे.

परदेशी टूर पॅकेजवर उगमस्थानी कर, म्हणजे टीसीएस, कापला जातो. ऑक्टोबर २०२३ पासून तो सात लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के होता. पुढच्या अर्थसंकल्पांत हे आकडे बदलले आहेत, तेव्हा चालू दर आपल्या कर सल्लागाराला विचारावा. ही रक्कम विवरणपत्रात वळती करून मिळते, पण काही महिने अडकून राहते. हिशोबात तिची जागा धरावी. परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासाला साधारणपणे ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात. बाकी पैसे कार्डावर घ्यावेत.

सामानात काय घ्यावे?

युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. म्हणून सुका खिमा, खव्याची मिठाई, तूप घरीच ठेवावे. डाळ-भाताची तयार पाकिटे, चिवडा, चहापत्ती चालते. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर हलालचा प्रश्न सुटतो आणि खर्चही बराच उतरतो. जूनमध्येही डोंगरावर बर्फ असतो. गरम कपडे आणि पावसाचा कोट हवाच.

शेवटी एक गोष्ट. दहा दिवसांत सहा देश पाहून आलेल्याला विचारले तर त्याला बसची सीट आठवते. डोंगर पाहायला गेलेल्याने एक पूर्ण दिवस काहीही न करता डोंगरासमोर बसावे. वर्षभर चाकावर आणि गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला असा दिवस क्वचितच मिळतो. त्या दिवसासाठी तीन वर्षे हिशोब नीट ठेवावा लागला, तर इंशाअल्लाह त्या सौद्यात नुकसान होणार नाही. सफर झाली नाही तरी खातेवही तर सुधारेलच.