मंजूर, भरलेली आणि हजर

पन्नास खाटांचे उपजिल्हा रुग्णालय आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, परिचारिका आहेत, शस्त्रक्रियागृहही सुसज्ज आहे. फक्त भूलतज्ज्ञाचे पद रिकामे आहे. रात्री एक वाजता पोटातल्या बाळाचे ठोके मंदावलेली गर्भवती आली, तर इथे तिचे सिझेरियन होऊ शकत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची आणि तिला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायचे, एवढेच उरते. कागदावर त्या रुग्णालयातले एकच पद रिक्त दिसते; त्या बाईच्या दृष्टीने मात्र त्या रात्री तिथे रुग्णालयच नसते.

सार्वजनिक आरोग्य सेवेतील मनुष्यबळाची चर्चा बहुधा टक्केवारीने सुरू होते आणि तिथेच संपते. इतकी पदे मंजूर, इतकी भरलेली, इतकी रिक्त. हा बेरीज-वजाबाकीचा हिशेब झाला. उपचाराचे काम मात्र गुणाकारासारखे चालते. त्यातला एक आकडा शून्य झाला की उत्तरही शून्य. हे केवळ तज्ज्ञांपुरते खरे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ नसेल तर थुंकीचा नमुना दुसऱ्या केंद्रात जातो आणि क्षयरोगाचे निदान लांबते. वाहनचालक नसेल तर रुग्णवाहिका दारात उभी राहते. औषध निर्माण अधिकारी नसेल तर औषधांचा साठा सांभाळण्याचे काम परिचारिकेच्या गळ्यात पडते आणि तिचे स्वतःचे काम मागे राहते.

म्हणूनच रिक्त पदांचा हिशेब तीन पायऱ्यांनी मांडावा लागतो. पहिली पायरी मंजूर पदांची, म्हणजे आकृतिबंधात जितकी आहेत ती. दुसरी भरलेल्या पदांची, म्हणजे ज्यांवर कोणाची तरी नेमणूक झाली आहे ती. तिसरी आणि रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाची पायरी हजर माणसांची. पद भरलेले असते, पण त्यावरची व्यक्ती प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या कार्यालयात असते, प्रशिक्षणाला किंवा पदव्युत्तर शिक्षणाला गेलेली असते, कधी महिनोन्‌महिने गैरहजर असते. परिचारिका आणि आरोग्य सेविकांमध्ये महिलांचे प्रमाण मोठे. प्रसूती रजा त्यांचा हक्कच आहे. पण सहा महिन्यांच्या त्या काळात बदली माणूस कुठून आणायचा, याची तजवीज क्वचितच असते. मग शेजारच्या केंद्रातील कोणाकडे तरी ‘अतिरिक्त कार्यभार’ जातो. कागदावर दोन्ही केंद्रे चालू राहतात. प्रत्यक्षात दोन्ही अर्धी चालतात.

गरज कशी ठरते?

गावपातळीवरच्या सरकारी दवाखान्याची कल्पना १९४६ च्या भोर समितीपासूनची. पहिल्या टप्प्यात ४० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यात दोन डॉक्टर, अशी शिफारस त्या समितीने केली होती. आजच्या निकषांनुसार मैदानी भागात ३० हजार आणि डोंगराळ-आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. उपकेंद्रासाठी हेच आकडे अनुक्रमे पाच हजार आणि तीन हजार आहेत. महाराष्ट्रात साडेदहा हजारांच्या आसपास उपकेंद्रे आणि अठराशेहून अधिक प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत.

अडचण अशी, की लोकसंख्येचा शेवटचा अधिकृत आकडा २०११ च्या जनगणनेचा आहे. त्यानंतर पुणे, ठाणे, रायगड जिल्ह्यांत शहरांना लागून असलेली गावे झपाट्याने वाढली. कामही वाढले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये राज्यातील सुमारे ६५ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत होत होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण सुमारे ९५ टक्क्यांवर पोहोचले. मातामृत्यू कमी होण्यामागे हे मोठे कारण आहे. २०१८-२० या काळात राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू नोंदले गेले, आणि देशात केरळनंतर महाराष्ट्राचाच क्रमांक होता. त्यात मधुमेह, रक्तदाब, कर्करोग तपासणी अशी नवी कामेही याच माणसांकडे आली.

म्हणून केवळ लोकसंख्येवर पदे ठरवणे पुरेसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या भारावर पदसंख्या काढण्याची पद्धत विकसित केली आहे. एका कामाला किती वेळ लागतो, वर्षात ते किती वेळा करावे लागते आणि रजा-सुट्ट्या वगळून एका कर्मचाऱ्याकडे किती तास उरतात, या तीन गोष्टींवर ती उभी आहे.

साधे उदाहरण घेऊ. एका कक्षात चोवीस तास किमान एक परिचारिका हवी असेल, तर दिवसाच्या तीन पाळ्यांप्रमाणे वर्षाच्या १,०९५ पाळ्या होतात. एका परिचारिकेच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा, सण, प्रशिक्षण यांचे मिळून ५० दिवस वजा केले, तर उरतात २६३. भागाकार चाराहून थोडा अधिक येतो. आजारपण आणि प्रसूती रजा धरली, तर कक्षात सतत एक परिचारिका दिसण्यासाठी पाच जणींची नेमणूक लागते. त्या जागी तिघीच असतील, तर रजा नाकारल्या जातात, दुहेरी पाळ्या लागतात किंवा रात्री एकीकडे दोन कक्ष येतात.

याचा रुग्णाच्या जिवाशी संबंध आहे, हे संशोधनाने दाखवून दिले आहे. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी युरोपातील नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांमधील, शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ‘लॅन्सेट’मध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढत होती. रक्तदाब घसरतो आहे, श्वास जलद होतो आहे, हे आधी परिचारिकेच्याच लक्षात येते. तिला फेरी मारायला वेळ नसेल तर ते कळायला उशीर होतो.

जाहिरातीपासून रुजू होईपर्यंत

मग पदे भरली का जात नाहीत? ‘पैसे नाहीत’ किंवा ‘डॉक्टर खेड्यात जात नाहीत’ ही उत्तरे अर्धीच आहेत. आरोग्य सेवेचे दरवाजेच अनेक आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आणि शहरांतील बरेच दवाखाने महापालिकांकडे. प्रत्येकाची भरती वेगळी. डॉक्टरांची निवड कधी लोकसेवा आयोगामार्फत, तर कधी विभागाच्या निवड मंडळामार्फत.

पद रिक्त झाल्यावर आधी बिंदूनामावली तपासून घ्यावी लागते, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गासाठी याची नोंद. मग वित्त विभागाची संमती, जाहिरात, परीक्षा, निकाल, कागदपत्र पडताळणी, समुपदेशन, नियुक्ती. यातला एक टप्पा अडला की सगळे थांबते. जिल्हा परिषदांच्या भरतीची जाहिरात मार्च २०१९ मध्ये निघाली. त्यात आरोग्य सेवक, आरोग्य सेविका, औषध निर्माता अशी पदे होती. ती परीक्षा झालीच नाही. अखेर भरती रद्द करून उमेदवारांचे शुल्क परत करण्याची वेळ आली. नवी जाहिरात ऑगस्ट २०२३ मध्ये आली.

आरोग्य विभागाच्या गट ‘क’ आणि ‘ड’ पदांचीही तीच कथा. सप्टेंबर २०२१ मधील परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली. ऑक्टोबरमध्ये ती झाली, तर पेपरफुटी उघडकीस आली, अटका झाल्या आणि पुढे भरती रद्द झाली. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये १०,९४९ पदांची जाहिरात निघाली. दरम्यान करोनाची साथ येऊन गेली होती. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण दगावल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा तपशील मागितला.

यातली खरी विसंगती साधी आहे. माणसे दरमहा निवृत्त होतात, भरती मात्र चार-पाच वर्षांनी एकदा होते. सरकारी नोकराच्या निवृत्तीची तारीख तो रुजू होतो त्या दिवशीच ठाऊक असते. तरीही त्याची जागा रिकामी झाल्यावर फाइल हलू लागते.

कंत्राटाची सवय

ही पोकळी भरली ती कंत्राटी नेमणुकांनी. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि परिचारिका, तंत्रज्ञ, डॉक्टर अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर येऊ लागले. तातडीची सोय म्हणून आलेली ही व्यवस्था पुढे कायमची झाली. त्याच कामासाठी कमी पगार, बढती नाही, निवृत्तिवेतन नाही. दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना टप्प्याटप्प्याने नियमित पदांवर सामावून घेण्याचा निर्णय राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये घेतला. त्याच्या अंमलबजावणीसह अन्य मागण्यांसाठी ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये राज्यभर बेमुदत संप झाला, तेव्हा लसीकरणापासून नवजात शिशू कक्षापर्यंतची किती कामे या माणसांवर उभी आहेत, ते दिसले.

शासकीय महाविद्यालयांतून एमबीबीएस झालेल्यांची एक वर्षाची बंधपत्रित सेवा हाही असाच आधार. त्यामुळे केंद्राला डॉक्टर मिळतो, पण दरवर्षी नवा. मेळघाटात तर इतर जिल्ह्यांतील तज्ज्ञांना पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळीने पाठवले जाते. खुर्ची भरते, पण कोणत्या पाड्यावरची कोणती बाई जोखमीची आहे, हे पंधरा दिवसांत कळत नाही.

माणसे कशाने टिकतात?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आणि सुधारित स्वरूपात २०२१ मध्ये दिलेल्या शिफारशींचा रोख एका उपायावर नाही. ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय-नर्सिंग शिक्षणात वाव, शिक्षणाचा काही भाग खेड्यात, राहायला चांगले घर, मुलांच्या शाळेची सोय, सुरक्षितता आणि बढतीची हमी, हे सगळे एकत्र दिले तर माणूस टिकतो. नुसता भत्ता वाढवून तो थांबत नाही.

देशातही उदाहरणे आहेत. तमिळनाडूने २०१२ मध्ये केवळ आरोग्य सेवेसाठी स्वतंत्र भरती मंडळ नेमले. छत्तीसगडने २००९ पासून गावांची दुर्गमतेनुसार वर्गवारी करून अवघड ठिकाणी काम करणाऱ्यांना जादा मोबदला आणि पदव्युत्तर प्रवेशात गुण देण्याची योजना आणली. एमबीबीएस डॉक्टरला १८ आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन तातडीच्या बाळंतपणात भूल देण्यास तयार करण्याचा केंद्र सरकारचा कार्यक्रमही जुना आहे. मात्र असा डॉक्टर स्त्रीरोगतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी बदलून गेला, की त्याचे प्रशिक्षण आणि मागे राहिलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे कौशल्य, दोन्ही वाया जाते. बदल्या एकेकट्या माणसाच्या न करता गटाचा विचार करून कराव्यात, हा त्यातला धडा आहे.

उपाय अवाढव्य नाहीत. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात भरती, पुढच्या दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांच्या जागा धरूनच जाहिरात, निकालासोबत प्रतीक्षा यादी आणि रजेवरील माणसासाठी राखीव मनुष्यबळ. याच्या जोडीला प्रत्येक रुग्णालयातील मंजूर, भरलेली आणि हजर अशी तिन्ही संख्या दरमहा दर्शनी फलकावर लागली, तर रुग्ण कल्याण समितीला आणि ग्रामसभेला नेमका प्रश्न विचारता येईल. ‘किती टक्के पदे रिक्त’ यापेक्षा ‘आज रात्री इथे सिझेरियन होऊ शकते का’ हा प्रश्न कोणालाही समजतो, आणि त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असेच द्यावे लागते.