‘आउटन’ : दिवा मालवणाऱ्या एका क्रियापदाची कुळकथा

दिवा किंवा आग विझवण्यासाठी इंग्रजीत जी क्रियापदे रूढ आहेत, त्यांपैकी ‘क्वेंच’ हे जुन्या इंग्रजीपासून चालत आलेले, ‘एक्स्टिंग्विश’ हे सोळाव्या शतकात लॅटिनवरून घडवलेले आणि ‘पुट आउट’ हे रोजच्या बोलण्यातले. परंतु अमेरिकेतील पेन्सिल्वेनिया राज्यात, जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांनी वसवलेल्या खोऱ्यांमध्ये, यांखेरीज ‘आउटन’ हे आणखी एक क्रियापद ऐकू येत आले आहे. ‘आउटन द लाइट’ म्हणजे दिवा मालव. पेन स्टेट विद्यापीठाचे स्टेट कॉलेज हे गाव याच मुलखात येते. 1855 मध्ये स्थापन झालेल्या शेतकी शाळेभोवती ते वाढले आणि 1896 मध्ये त्याला स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला. मात्र त्याच्या पूर्वेकडील पेन्स व्हॅलीतील जर्मन वस्ती त्याहून पुष्कळ जुनी आहे. ॲम्स्टरडॅममध्ये जन्मलेल्या आरन लेव्ही या ज्यू व्यापाऱ्याने 1786 मध्ये तेथे आरन्सबर्ग हे गाव आखले आणि लुथरन व रिफॉर्म्ड या दोन्ही प्रॉटेस्टंट पंथांच्या जर्मन रहिवाशांना चर्चसाठी जागा दिली. डोंगरापलीकडे मिफ्लिन परगण्यातील बिग व्हॅलीत आमिश लोक, म्हणजे साधी राहणी व जुना पोशाख धर्माज्ञा म्हणून पाळणारा ख्रिस्ती पंथ, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून शेती करीत आले आहेत.

या सर्वांच्या मूळ बोलीला ‘पेन्सिल्वेनिया डच’ म्हणतात. नेदरलँड्सच्या डच भाषेशी तिची गल्लत होऊ नये. पूर्वीच्या इंग्रजीत ‘डच’ हा शब्द जर्मन मुलखातील लोकांनाही लावला जात असे. 1683 मध्ये फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाउन वसले, अठराव्या शतकात ऱ्हाईन नदीकाठच्या पॅलाटिनेट प्रांतातून हजारो कुटुंबे आली आणि त्यांच्या बोलींच्या मिसळणीतून ही भाषा अमेरिकेतच आकाराला आली. तिच्या भाषकांमध्ये आमिश व मेनोनाइट पंथांचे लोक अल्पसंख्य होते. बहुसंख्य होते ते लुथरन आणि रिफॉर्म्ड शेतकरी, आणि त्यांनी पुढे हळूहळू इंग्रजी आपली केली. ‘आउटन’चा उलगडा होण्यासाठी ही विभागणी ध्यानात ठेवावी लागते.

शब्दाची नेहमी दिली जाणारी व्युत्पत्ती सोपी आहे. जर्मनमध्ये दिवा मालवण्याला ‘आउसमाखेन’ म्हणतात. ‘आउस’ म्हणजे बाहेर किंवा संपलेले, ‘माखेन’ म्हणजे करणे. ही घडण मराठी वाचकाला मुळीच परकी वाटणार नाही, कारण ‘लाईट ऑफ कर’ म्हणताना मराठी माणूसही तेच करतो: इंग्रजी अव्यय घेतो आणि त्याला ‘करणे’ जोडतो. पेन्सिल्वेनियातील जर्मनांनी मात्र ‘मेक आउट’ असे न म्हणता ‘आउट’लाच प्रत्यय लावला, आणि हा ‘-एन’ प्रत्यय जर्मन धातुरूपांच्या शेवटी येणारा ‘-एन’च असावा असे पुष्कळांनी गृहीत धरले.

येथे शंका घ्यायला जागा आहे. ‘-एन’ हा शेवट प्रमाण जर्मनचा. पेन्सिल्वेनिया डचमध्ये शेवटचा ‘न’ गळून गेलेला आहे आणि ‘माखेन’चे ‘माखे’ झालेले आहे. म्हणजे ज्या बोलीतून प्रत्यय आला असे म्हणावे, त्या बोलीत तो ऐकूच येत नाही. उलट इंग्रजीचा स्वतःचा ‘-एन’ प्रत्यय विशेषणापासून क्रियापद घडवतो, जसा मराठीत ‘मंद’पासून ‘मंदावणे’ आणि ‘रुंद’पासून ‘रुंदावणे’ होते. या प्रत्ययाची एक खोड अशी की तो साधारणतः ट, ड, क, प यांसारख्या स्पर्श व्यंजनांनी किंवा स, फ यांसारख्या घर्षक व्यंजनांनी संपणाऱ्या एकाक्षरी शब्दांनाच चिकटतो: ‘शॉर्टन’, ‘रेडन’, ‘ब्लॅकन’, ‘डीपन’ चालतात, पण ‘ग्रीन’ किंवा ‘ड्राय’ला तो लागत नाही. ‘आउट’ एकाक्षरी आहे आणि त्याच्या शेवटी ट आहे. शिवाय ‘द लाइट इज आउट’ या वाक्यात ते विशेषणासारखेच वागते. तेव्हा कल्पना जर्मन असली तरी घडण अस्सल इंग्रजी नियमांची, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. मराठीत दिवा ‘विझवला’ म्हणणे अशुभ वाटते म्हणून तो ‘मालवला’ जातो. ‘आउटन’मागे असा कोणताही संकेत दिसत नाही.

नियमाने घडलेल्या या शब्दाची गणना मात्र मोडक्या इंग्रजीत झाली. विसाव्या शतकात पेन्सिल्वेनिया डच माणसाची बोली हा करमणुकीचा विषय बनला: 1942 मध्ये ब्रॉडवेवर ‘पापा इज ऑल’ हे नाटक आले, 1955 मध्ये आमिश गावात घडणारे ‘प्लेन अँड फॅन्सी’ हे संगीत नाटक आले आणि लँकेस्टर परगण्यातील पर्यटकांसाठी या बोलीतील वाक्ये छापलेल्या भेटवस्तू विकल्या जाऊ लागल्या. त्याआधीच कादंबऱ्यांतील आमिशांच्या विपरीत चित्रणाला उत्तर म्हणून बिग व्हॅलीतील जोसेफ योडर यांनी 1940 मध्ये आपल्या आईची कथा ‘रोझॅना ऑफ द आमिश’ या नावाने प्रसिद्ध केली. ही रोझॅना जन्माने आयरिश कॅथलिक होती; स्टेट कॉलेजच्या पश्चिमेकडील हाफ मून खोऱ्यात ती जन्मली आणि एका आमिश स्त्रीने तिला वाढवले. भाषेची सरहद्द रक्तावर ठरत नाही, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

विस्कॉन्सिन विद्यापीठाचे मार्क लाउडन यांनी 2016 मध्ये या भाषेचा विस्तृत इतिहास प्रसिद्ध केला. आमिश लोक दोन्ही भाषा बालपणापासून वापरतात आणि इंग्रजी बोलताना ती शेजाऱ्यांसारखीच बोलतात, ही त्यांची मांडणी पर्यटकांच्या समजुतीला छेद देणारी आहे. आमिशांची संख्या साधारण वीस वर्षांत दुप्पट होते आणि त्यांच्याबरोबर त्यांची भाषाही वाढते आहे. ‘आउटन’ जपले ते प्रामुख्याने त्या लुथरन व रिफॉर्म्ड घरांनी, जेथे आजी-आजोबांची बोली सुटली आणि तिचे वळण इंग्रजीत उरले. मूळ भाषा न सोडलेल्या आमिशांना घरात दिवा मालवायला सांगताना इंग्रजी क्रियापदाची गरजच पडत नाही.