विश्लेषण : स्काउट-गाइड चळवळीचे मध्य प्रांताशी नाते काय? जबलपूर, सिवनी, नागपूर ते पचमढीच्या शिबिरांपर्यंत…

भारतीय मुलांना सुरुवातीला या चळवळीची दारे बंद होती. आज तिचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र सातपुड्यात आहे. हा प्रवास कसा झाला आणि त्यात शिबिराचे महत्त्व काय?

दरवर्षी ७ नोव्हेंबरला अनेक शाळांत स्काउट-गाइडची मुले ध्वजाचे छोटे स्टिकर घेऊन वर्गावर्गात फिरतात. हा ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ या संस्थेचा स्थापना दिन. गळ्यातला स्कार्फ, तीन बोटांची सलामी आणि डाव्या हाताने हस्तांदोलन एवढीच या चळवळीची ओळख बहुतेकांच्या लक्षात असते. या गणवेशामागचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही, आणि त्यातली महत्त्वाची पाने जुन्या मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या विदर्भात आणि मध्य प्रदेशात लिहिली गेली.

चळवळ सुरू कशी झाली?

ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडजवळच्या ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरवले. त्यात नामांकित शाळांतली श्रीमंत मुले होती, तशी कामगारवस्तीतलीही होती. त्यांना चार गटांत वाटून तंबूत राहणे, माग काढणे, स्वयंपाक, प्रथमोपचार शिकवले गेले. पुढच्याच वर्षी बेडन-पॉवेल यांचे ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ प्रसिद्ध झाले आणि चळवळ वेगाने पसरली. म्हणजे आधी शिबिर झाले, संघटना नंतर आली. बेडन-पॉवेल यांच्या लष्करी कारकिर्दीची सुरुवात १८७६ मध्ये भारतातच झाली होती. टेहळणीवरचे त्यांचे सुरुवातीचे लेखनही सैनिकांसाठीचे होते.

भारतात प्रवेश कोणाला होता?

१९०९ मध्ये बंगळूरु येथे देशातले पहिले स्काउट पथक निघाले. १९११ मध्ये जबलपूरला मुलींसाठी गाइडचे पहिले पथक सुरू झाले. जबलपूर तेव्हा मध्य प्रांतात होते आणि या प्रांताची राजधानी होती नागपूर. मात्र ही पथके युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलामुलींसाठी होती. भारतीय मुलांना त्यात जागा नव्हती.

यामागे वर्णभेद होताच, पण राजकीय भीतीही होती. बंगालच्या फाळणीनंतर क्रांतिकारी चळवळीने जोर धरला होता. नकाशा वाचणे, माग काढणे, झेंड्यांनी संदेश पाठवणे, अंधारात दिशा ओळखणे ही कौशल्ये शिकलेली भारतीय मुले उद्या सरकारच्याच विरोधात उभी राहतील, अशी धास्ती प्रशासनाला होती.

भारतीयांनी कोणता मार्ग काढला?

परवानगीची वाट न पाहता स्वतःची पथके उभारण्याचा. संयुक्त प्रांतात श्रीराम वाजपेयी यांनी शाहजहांपूर येथे मुलांना एकत्र केले. १९१६ मध्ये ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी मद्रासला ‘इंडियन बॉय स्काउट्स असोसिएशन’ स्थापन केली. या मुलांच्या डोक्यावर फेटे होते आणि तोंडी भारतीय गाणी. अलाहाबादमध्ये पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि वाजपेयी यांनी सेवा समितीच्या छत्राखाली स्काउट संघटना उभी केली. जत्रेतली गर्दी सांभाळणे, हरवलेल्यांना घरच्यांपर्यंत पोहोचवणे अशा कामांतून सेवा समितीची ओळख झाली होती. परदेशातून आलेल्या चौकटीत इथल्या गरजेचे काम बसवले गेले ते असे.

मध्य प्रांतात भारतीय मुलांमध्ये स्काउटिंग रुजवणाऱ्यांत नागपूरचे विवियन बोस हे ठळक नाव. पुढे ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

मग एकी केव्हा झाली?

१९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले. भारतीय मुलांना अधिकृत संघटनेत प्रवेश मिळाला आणि बेझंट यांची संघटना तिच्यात विलीन झाली. सेवा समिती मात्र वेगळीच राहिली. मूळ स्काउट वचनात ईश्वराबरोबर राजाप्रती कर्तव्याचाही उल्लेख होता. असहकाराच्या त्या दिवसांत हा शब्द उच्चारायचा की नाही, हा साधा प्रश्न नव्हता.

१९३७ मध्ये नवी दिल्लीत अखिल भारतीय जांबोरी झाली. बेडन-पॉवेल तिला हजर होते. पण त्याच सुमारास भारतीयांच्या चारित्र्याबद्दल त्यांनी काढलेल्या उद्गारांवरून संताप उसळला. अनेकांनी अधिकृत संघटना सोडली आणि १९३८ मध्ये ‘हिंदुस्तान स्काउट असोसिएशन’ उभी राहिली.

स्वातंत्र्यानंतर या वाटा एकत्र आणण्यासाठी पंडित नेहरू, मौलाना आझाद, कुंझरू, वाजपेयी, विवियन बोस आणि तेव्हाचे मध्य प्रांत व वऱ्हाडचे राज्यपाल मंगलदास पक्वासा यांनी प्रयत्न केले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ची स्थापना झाली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाइडची संघटनाही त्यात सामील झाली. वचनातून राजा गेला आणि ‘ईश्वर’ऐवजी ‘धर्म’ म्हणण्याची मुभाही मिळाली.

सिवनी आणि पचमढीचा संबंध काय?

लहान मुलांच्या गटाला ‘कब’, म्हणजे लांडग्याचे पिल्लू म्हणतात. १९१६ मध्ये हा विभाग सुरू झाला तेव्हा त्याची कल्पना रुडयार्ड किपलिंग यांच्या ‘जंगल बुक’वर बेतली होती. मोगलीचा तो कळप किपलिंग यांनी सिवनीच्या डोंगरांत वसवला आहे. पेंचच्या जंगलाचा हा परिसर नागपूरहून फार दूर नाही. कब मुलांच्या प्रमुखाला जगभर ‘अकेला’ म्हणतात, तेही याच गोष्टीतून आले. इंग्लंडमध्ये ज्या लहान मुली ‘ब्राउनी’ होत्या, त्या आपल्याकडे ‘बुलबुल’ झाल्या.

पचमढी हे मध्य प्रांत सरकारचे उन्हाळी ठाणे. नागपूरचा उन्हाळा टाळण्यासाठी अधिकारी तिथे जात. आज याच ठिकाणी संघटनेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. देशभरातले स्काउट मास्टर आणि गाइड कॅप्टन, म्हणजे बहुतेक शाळाशिक्षकच, इथे तंबूत राहून शिबिर कसे चालवायचे ते शिकतात. महाराष्ट्रात पुण्यालाही असाच मान आहे. गाइडच्या जागतिक संघटनेचे ‘संगम’ हे केंद्र १६ ऑक्टोबर १९६६ रोजी तिथे सुरू झाले. त्याचे उद्घाटन लेडी ओलेव्ह बेडन-पॉवेल यांनी केले. स्वित्झर्लंड आणि मेक्सिकोतील केंद्रांच्या मालिकेतले हे आशियातले केंद्र.

शिबिरात नेमके काय शिकतात?

सहा ते आठ मुलांचा एक संघ आणि त्यांच्यातलाच एक संघनायक. तंबू उभारायचा, पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून भोवती चर खणायचा, बांबू आणि सुतळीने ताटे ठेवायची मांडणी बांधायची, हे सगळे मुलांनीच करायचे. इथे गाठींना महत्त्व येते. रीफ नॉट सपाट बसते आणि सहज सुटते, म्हणून ती बँडेजला. क्लोव्ह हिचने बांबूची बांधणी सुरू होते. बोलाइनचा फास आवळत नाही, म्हणून माणसाला वर ओढायला ती. भांड्यांविना स्वयंपाक हा मुलांचा आवडता भाग. निखाऱ्यात बटाटे भाजायचे, काठीला कणीक गुंडाळून शेकायची. सकाळी तंबूचे निरीक्षण, रात्री शेकोटी.

वरवर हा खेळ वाटतो. पण ज्या काळात पंगती जातीनुसार बसत, त्या काळात संघाची चूल एकच असावी ही कल्पना साधी नव्हती. ती सगळीकडे सारखीच पाळली गेली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तरीही शिबिराने ती मुलांसमोर ठेवली. भात करपला तर तो आठही जणांनी खायचा, हा धडा पुस्तकातून मिळत नाही.

आज अडचण कुठे आहे?

प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशी स्काउटची चढण आहे. दहावीला सवलतीच्या गुणांची सोय असल्याने या प्रमाणपत्रांना वेगळेच महत्त्व आले आहे. गुण मिळण्यात गैर काही नाही. पण गुणांसाठी नोंदवही भरली आणि मूल एक रात्रही तंबूत झोपले नाही, तर हाती कागद उरतो. दुसरीकडे, शिबिर घ्यायचे तर गणवेश, प्रवास, परवानग्या आणि मुलांची सुरक्षितता अशी सगळी जबाबदारी एकट्या शिक्षकावर येते. अध्यापन सांभाळून ती उचलणारे शिक्षक आहेत, म्हणूनच ग्रामीण शाळांतही पथके टिकून आहेत.

एकेकाळी भारतीय मुलांनी हे शिकू नये, म्हणून सरकारने दारे लावून घेतली होती. मालवीय, वाजपेयी, बोस यांच्या पिढीने ती उघडली. आता कोणी अडवत नाही. म्हणूनच पाल्याच्या शाळेत पथक असेल तर ‘गुण किती मिळतात?’ याआधी ‘शिबिर केव्हा आहे?’ हा प्रश्न पालकांनी विचारायला हवा.