ओसरत्या गर्दीतली सोंगं

ऑनलाइन गेममधली वर्दळ घटू लागली की पहिला बळी जातो तो रोलप्लेचा, असं सर्रास मानलं जातं. माणसंच नाहीत तर सोंग घेऊन बोलायचं कुणाशी? हजारो लोक एकाच काल्पनिक जगात वावरतात अशा खेळांत बहुतेक जण शत्रू मारायला आणि लेव्हल वाढवायला येतात. मोजके लोक मात्र पात्र म्हणून जगायला येतात. त्या पात्राचं गतायुष्य, स्वभाव, बोलण्याची ढब ठरवून घेतात आणि समोर येईल त्याच्याशी त्याच्याच तोंडून, टाइप करून बोलतात. संहिता नसते. दशावतारातले राजा आणि संकासुर आयत्या वेळी संवाद रचतात, तसाच हा प्रकार. फक्त इथे प्रेक्षकही रंग लावून बसलेले. ‘जरा थांबा, दारावर कुणीतरी आलंय’ असं खऱ्या आयुष्यातलं काही सांगायचं असेल तर ते दुहेरी कंसात लिहावं, हा सर्वमान्य शिष्टाचार. गर्दी ओसरल्यानं हे सगळं मोडतं, हे मला अर्धसत्य वाटतं. उरलेली माणसं एकमेकांना सापडेनाशी झाली की ते मोडतं, आणि ती सापडतील की नाही हे लोकसंख्येपेक्षा खेळाच्या रचनेवर अधिक ठरतं.

‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’चा इतिहास या दृष्टीनं पाहण्यासारखा आहे. जून २००३ मध्ये सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटनं आणलेल्या या खेळाचे मुख्य रचनाकार राफ कोस्टर. त्यांच्या जगात लढून आलेल्या पात्राला एक थकवा यायचा आणि तो कुठल्याही औषधानं जायचा नाही. त्यासाठी कँटिनात, म्हणजे तिथल्या गुत्त्यात, जाऊन नर्तकाचा नाच पाहत किंवा वादकाचं वादन ऐकत बसावं लागे. नाचणारा आणि वाजवणाराही खेळाडूच. तो त्याचा पूर्णवेळ व्यवसाय. चिलखत शिवणारा, हत्यारं घडवणारा, घरं बांधणारा, सगळे खेळाडूच. अंतराळतळावर यानाची वाट पाहावी लागे ती वेगळीच. परिणाम असा, की बंदुका परजणाऱ्या माणसालाही दिवसातून काही मिनिटं अनोळखी लोकांत रिकामं बसणं भाग पडे. रिकामा माणूस बोलतो. रोलप्ले करणाऱ्यांना प्रेक्षक शोधत हिंडावं लागलं नाही. रचनेनंच ते आणून बसवले.

नोव्हेंबर २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला आणि सगळ्या स्पर्धकांची झोप उडाली. वर्षभरानं, नोव्हेंबर २००५ मध्ये, गॅलेक्सीजची रचना मुळापासून बदलण्यात आली. तीसहून अधिक व्यवसायांचे नऊ झाले, लढाई सोपी आणि वेगवान झाली. जुने खेळाडू मोठ्या संख्येनं निघून गेले. पण संख्येइतकीच मोठी हानी दुसरी होती: परस्परांची गरजच आटली. नर्तक नव्या रचनेतही होते, पण त्यांच्याकडे जाण्याची सक्ती पूर्वीसारखी उरली नाही. २००९ मध्ये कंपनीनं २५ सर्व्हरपैकी, म्हणजे त्याच जगाच्या स्वतंत्र प्रतींपैकी, १२ बंद केले. हा निर्णय ऐकायला क्रूर वाटतो, पण विखुरलेले लोक एका जागी आणण्याचा तोच मार्ग होता. रोलप्लेसाठी नावाजलेला स्टारसायडर हा सर्व्हर १५ डिसेंबर २०११ च्या अखेरच्या दिवसापर्यंत चालू राहिला. उतरत्या काळात कंपनीनं खेळाडूंच्या हाती स्वतःचे प्रसंग उभे करायची साधनंही दिली. मांडायला सामान, उभी करायला पात्रं. शहाणपण उशिरा आलं, पण आलं.

यावर रास्त आक्षेप असा, की सक्तीनं माणसं जमतात, रंगत जमत नाही. गॅलेक्सीजमध्येच कित्येक नर्तक मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, लावून झोपायला जात. पडद्यावर पात्र रात्रभर नाचत राही आणि नमस्कार केला तरी उत्तर मिळत नसे. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या यंत्रवत नर्तकीसमोरही चार जिवंत माणसं थकवा घालवत बसलेली असत, आणि गप्पा त्यांच्यात सुरू होत. शिवाय सक्ती हा एकच उपाय नाही. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन’ या २००७ च्या खेळात वाद्यं खरोखर वाजतात. एबीसी या मजकुरी नोटेशनमध्ये लिहिलेली फाइल प्रत्येक वादक आपापल्या भागासाठी लावून थांबतो, एक जण सुरुवातीचा हुकूम देतो आणि सात-आठ जणांचा मेळ एकदम सुरू होतो. तिथे कुणी सक्ती केलेली नाही. तरीही लँड्रोव्हल सर्व्हरवर वेदरटॉप टेकडीवरची ‘वेदरस्टॉक’ ही वार्षिक मैफल २००९ पासून भरू लागली. २०१५ मध्ये कंपनीनं सर्व्हर कमी करून दहावर आणले, तेव्हा उरलेल्यांत लँड्रोव्हल होता आणि युरोपातला रोलप्लेचा लॉरेलिनही होता. ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि हाताला काहीतरी काम, एवढ्यावर थोडक्या वस्तीतही बैठक जमते.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. लहान वस्तीत सगळेच ओळखीचे होतात, कंपू तयार होतात, दहा वर्षांची भांडणं आणि सोयरिकी नवख्याला कळत नाहीत, म्हणून तो आल्या पावली परततो. हे खरं आहे आणि रचनेनं ते पुरतं सुटत नाही. जाणकार मंडळी म्हणूनच आपली दृश्यं खाजगी घरात न करता खाणावळीत, चौकात करतात. आडून ऐकणाऱ्याला मध्येच शिरता यावं म्हणून.

आणि मग नेहमीचा प्रश्न: एवढा खटाटोप कशाला, डिस्कॉर्डसारख्या गप्पांच्या ॲपवर लिहा की! ‘सिटी ऑफ हीरोज’ हा सुपरहीरोंचा खेळ एनसीसॉफ्टनं ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद केला. पुढच्या सात वर्षांत लिहायला जागांची कमतरता नव्हती. तरी २०१९ मध्ये याच खेळाच्या एका गुप्त सर्व्हरचा कोड उघड झाला आणि होमकमिंग नावाचा स्वयंसेवी सर्व्हर उभा राहिला, तसे रोलप्ले करणारे एव्हरलास्टिंग या त्याच्या शाखेवर जमू लागले. पॉकेट डी या तिथल्या नाइटक्लबात बसले. डिस्कॉर्डवरच्या लिखाणात समोरचा कोण हे आधीच ठरलेलं असतं. क्लबात मात्र पलीकडच्या टेबलावरचा मुखवटेधारी कोण हे त्याच्याशी बोलल्याशिवाय कळत नाही. जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टनं होमकमिंगला रीतसर परवाना दिला. जो खेळ कंपनीनं स्वतः बंद केला होता, तो आता तिच्याच संमतीनं स्वयंसेवक चालवतात.