अंगावरचं दूध आणि पाठचं भावंड

पुण्याहून सातारा रस्त्याने निघालं, की चेलाडी फाट्याला उजवीकडे वळून नसरापूरमार्गे वेल्ह्याला जाता येतं. न वळता थोडं पुढे गेलं, की कापूरहोळ लागतं. बहुतेक गाड्या तिथून भोरला किंवा नारायणपूरला वळतात. मी मात्र कापूरहोळात थांबतेच, कारण धाराऊ गाडे इथली. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. बाळंतपणानंतर त्यांच्या आईची, सईबाईंची, तब्येत ढासळली, दूध पुरेना. मग बाळाला पाजायला कापूरहोळची धाराऊ आली. तिचे मुलगे अंतोजी आणि रायाजी राजांचे दूधभाऊ ठरले.

धाराऊच्या नावाने आपण गहिवरतो ते तिच्या मायेसाठी, आणि ते रास्तच आहे. पण बाळंतपण आणि दूध या विषयाचा नाद लागल्यापासून मला तिच्या गोष्टीत आणखी काही दिसतं. दूधआई व्हायचं तर आपल्या अंगावर दूध हवं, आणि जी बाई दिवसरात्र पाजते तिचं शरीर पुढचं मूल आपणहून लांबवतं. जिचं बाळ दुसरीकडे जातं, तिची पाळी दीड-दोन महिन्यांतही परत येऊ शकते. मोगल घराण्यात बाळं अनगांच्या, म्हणजे दूधआयांच्या, हवाली करायची रीत होती. मुमताज महलचं लग्न १६१२ सालचं. १६३१ साली बुऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात ती गेली. १९ वर्षांत १४ बाळंतपणं! त्यामागे इतरही कारणं असतील, पण स्वतः पाजणाऱ्या शेतकरणीच्या घरी इतका दाट पाळणा सहसा हलत नसे.

वेल्हे तालुक्याला आता सरकारदरबारी राजगड म्हणतात. याच तालुक्यात, राजगडाच्या पायथ्याला पाल गावी, सईबाईंची समाधी आहे. १६५९ साली त्या गेल्या तेव्हा संभाजीराजे सव्वादोन वर्षांचे होते. अजून अंगावर पिण्याच्याच वयाचे.

या भागात मी आषाढात जाते, भाताची आवणी चालू असताना. गुडघाभर चिखलात बायका ओळीने वाकलेल्या असतात, डोक्यावरून इरलं नाहीतर प्लॅस्टिकचा कागद, आणि तान्हं घरी आजीपाशी. तोरण्याच्या बाजूच्या एका वाडीत अशीच एक आजी नातवाच्या पोराला मांडीवर थोपटत होती. आपल्या चार बाळंतपणांचा हिशेब तिने सांगितला. “तीन-तीन वर्सांचं अंतर व्हतं बगा ताई. गोळी नाय, तांबी नाय. पोरगं रातभर अंगाला चिकटल्यालं असायचं. त्यानं सोडलं का मग दुसऱ्याची चाहूल.”

नातसुनेची गोष्ट वेगळी. ती शिरवळच्या कारखान्यात कामाला जाते. तिशी ओलांडलेली, पोरगा दीड वर्षाचा. तिला दुसरं मूल हवं आहे आणि पाळी अजून सुरू झालेली नाही. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं, की पोरगा पदर ओढतो. भेटेल तो एकच सांगतो : आधी पोराचं दूध तोड. कुणी कोरफड लावायला सांगतं, कुणी कडुनिंब. ती मला हळूच म्हणाली, “दोन्ही नाही का व्हायचं, ताई?”

होतं. पुष्कळ जणींचं होतं. ते कसं, हे सांगण्यासाठीच हा लेख.

बाळ ओढायला लागलं, की स्तनाग्रातून निघालेला निरोप मज्जातंतूंवाटे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत जातो. एकीकडे प्रोलॅक्टिन वाढून दूध तयार होतं. दुसरीकडे, बीजकोशाला जागं करणारी संप्रेरकं ज्या ठरावीक लयीत सुटायला हवीत ती लय बिघडते. बीज पिकत नाही, पाळी येत नाही. यात दूध किती लिटर आलं याला फारसं महत्त्व नाही. बाळ किती वेळा आणि किती अंतराने ओढतं, याला आहे. प्रोलॅक्टिन रात्री अधिक चढतं, म्हणून रात्रीच्या पाजण्याचं वजन मोठं. आजीचं “रातभर अंगाला” हे शरीरशास्त्रच होतं.

याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा कालाहारीच्या वाळवंटातला. तिथल्या कुंग जमातीच्या आया मूल सतत अंगाशी बाळगत आणि तासातासाला अनेकदा, दोन-दोन मिनिटं पाजत. मेल्विन कॉनर आणि कॅरोल वर्थमन यांनी १९८० साली हे निरीक्षण मांडलं. गर्भनिरोधाचं कुठलंच साधन नसताना या बायकांच्या दोन मुलांत साडेतीन-चार वर्षांचं अंतर पडत होतं. दुसरा पुरावा एडिनबरोचा. पीटर हॉवी आणि ॲलन मॅकनीली यांनी पाजणाऱ्या आयांची महिनोन् महिने नोंद ठेवली आणि १९८१ साली दाखवून दिलं, की बाळाला वरचं अन्न सुरू झालं की ओढणं कमी होतं आणि बीजकोश जागा व्हायला लागतो. हे वाचलं तेव्हा मला आपलं उष्टावण आठवलं. सहाव्या-सातव्या महिन्यात मामाच्या मांडीवर बसून बाळ खिरीचं बोट चाखतं, त्या दिवसापासून आईच्या शरीरात पुढच्या भावंडाची वाट उघडायला लागते. घरातल्या कुणाच्या ते ध्यानीमनीही नसतं.

१९८८ साली इटलीतल्या बेलाजिओत जमलेल्या तज्ज्ञांनी याचा नियम बांधला. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि बाळ जवळजवळ पूर्णपणे अंगावर, या तिन्ही गोष्टी असतील तर ९८ टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळतं. यातली एक जरी सुटली तरी भरवसा संपला. शिवाय कधी कधी बीज आधी सुटतं आणि पाळी मागून येते. त्यामुळे पाळी न येताच दिवस गेलेल्या बायका गावोगाव भेटतात.

  

दुसरं हवं असलेल्या आईने काय करावं? पहिलं, अंतर पाहावं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहण्याआधी निदान २४ महिने जाऊ द्यावेत. सिझेरियन झालं असेल तर घाई नकोच. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर असेल तर गर्भाशयाचा टाका उसवण्याचा धोका वाढतो. दुसरं, दूध तोडू नये, पाजण्यांमधलं अंतर वाढवावं. मूल वर्षाचं झालं आणि भाकरी, वरणभात, अंडं नीट खायला लागलं, की आधी रात्रीचं पाजणं कमी करावं. सलग सहा-सात तास अंगाला न लावता गेले, तर कित्येकींना तेवढंच पुरतं. सकाळचं आणि झोपतानाचं पाजणं ठेवता येतं. तिसरं, पाळी आली म्हणून लगेच दिवस राहतील असं नाही. सुरुवातीच्या काही पाळ्यांत अनेकदा बीज सुटत नाही, किंवा सुटलं तरी पाळीच्या चक्राचा उत्तरार्ध अपुरा पडतो. दोन-चार महिने धीर धरावा. योनीतला स्राव पातळ आणि तार धरणारा झाला, की बीज सुटण्याचे दिवस ओळखावेत. रोज पहाटे ताप मोजायची पद्धत रात्री उठणाऱ्या आईच्या कामाची नाही.

आणि फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याआधीच सुरू करावी, रक्त तपासून घ्यावं. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९०च्या दशकात माता-पोषणाचा जो अभ्यास सुरू केला, त्यात आयांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. अशा अंगाने पाजायचं, आवणी करायची आणि पोटातलंही वाढवायचं! शेंगदाणे, नाचणी, पालेभाजी, अंडी आधी आईच्या ताटात पडली पाहिजेत, मग दुसऱ्याचा विषय.

दिवस राहिल्यावर सगळ्यात मोठी भीती समोर येते : पोटुशीचं दूध पोराला बाधतं. ही भीती जुनी आहे. ‘माधवनिदाना’त बालरोगांमध्ये ‘पारिगर्भिक’ नावाचा विकार सांगितला आहे. गर्भिणीचं दूध पिणारं मूल खंगतं, भूक मरते, पोट मोठं दिसतं, पेंग येते. हे वर्णन मी कितीदा वाचलं असेल! कारण १९३३ साली सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, आजच्या घानात, जवळपास अशीच मुलं नोंदवली : धाकटं आल्यावर दुधावरून तुटलेली, अंगावर सूज, पोट पुढे. त्यांनी बोट आहारावर ठेवलं. मुलाला प्रथिनांचा घास मिळत नव्हता, दूध गेलं आणि त्या जागी नुसती पेज आली. आपल्या वैद्यांनी मूल अचूक पाहिलं होतं, दोष मात्र दुधाच्या माथी गेला. पोटुशीचं दूध विषारी होत नाही. ते निम्म्या गर्भारपणाच्या सुमारास कमी होतं, चव बदलते, शेवटी त्याचा चीक होतो. बोंडं हुळहुळी होतात, आणि बरीच मुलं आपणहून तोंड फिरवतात. न सोडणाऱ्या मुलाला पाजता येतं. बाळंतपणानंतर मात्र चिकावर पहिला हक्क तान्ह्याचा.

काही जणींनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये : आधी गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण झालेल्या, रक्तस्राव होत असलेल्या, जुळं असलेल्या. पस्तिशी उलटली असेल आणि पाळी सुरू होऊन सहा महिने झाले तरी दिवस राहिले नाहीत, तर थांबू नये. तपासणीला गेल्यावर आपण अंगावर पाजतो हे आधी सांगावं. पाजणाऱ्या आईचं प्रोलॅक्टिन वाढलेलं असणारच. तो अहवाल आजाराचा समजला गेला, तर दूध बंद करणारी औषधं विनाकारण पोटात जातात.

त्या नातसुनेने पोराचं रात्रीचं पिणं हळूहळू कमी केलं. पोरगा काही रात्री रडला, मग पणजीच्या कुशीत झोपायला लागला. दिवाळीच्या आसपास तिची पाळी सुरू झाली. संध्याकाळचं पाजणं तिने सोडलेलं नाही.

एक मागणं मात्र मांडते. आशाताई बाळाच्या ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना घरी येतात, वजन घेतात, खाणं विचारतात. आईशी बोलणं निघालं, की ते तांबीवर नाहीतर ऑपरेशनवर येऊन थांबतं. तेही गरजेचंच आहे. पण नवव्या महिन्याच्या भेटीत आणखी एक प्रश्न विचारावा : “ताई, पुढचं हवंय का, आणि कधी?” हवं म्हणाली, तर अंतर, रात्रीचं पाजणं, गोळ्या आणि ताटातला घास हे सगळं तिथेच ओटीवर बसून दहा मिनिटांत सांगता येईल. मग कोरफडीचा गर लावून रडत्या पोराला तोडायची पाळी कुठल्याच आईवर येणार नाही.